चित्रपट महोत्सव आणि नवोदित मराठी दिग्दर्शक

महाराष्ट्रात भरणारे चित्रपट महोत्सव हे नवोदित दिग्दर्शकाचा पहिला चित्रपट जाणकार प्रेक्षक, समीक्षक आणि वितरक यांच्यासमोर आणणारे एक प्रमुख व्यासपीठ आहे. पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, मुंबई चित्रपट महोत्सव, थर्ड आय आशियाई चित्रपट महोत्सव, कोल्हापूर आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आणि छत्रपती संभाजीनगर येथील अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव हे त्यांपैकी विशेष उल्लेखनीय होत. यांतील अनेक महोत्सवांची उभारणी किंवा जोपासना नामवंत दिग्दर्शक, कलावंत आणि चित्रपट-अभ्यासक यांच्या पुढाकाराने झाली आहे.

नवोदितांना ज्येष्ठांकडून मिळणारे साहाय्य साधारणपणे चार प्रकारचे असते. महोत्सव किंवा चित्रपट मंडळ उभारून ते चालविणे, हा पहिला प्रकार होय. नव्या दिग्दर्शकाच्या चित्रपटाची निर्मिती करणे किंवा त्याला प्रस्तुतकर्ता म्हणून आपले नाव देणे, हा दुसरा प्रकार आहे. तिसऱ्या प्रकारात अध्यापन व मार्गदर्शन येते, तर चौथ्या प्रकारात संस्थेच्या अथवा चित्रपटाच्या अडचणीच्या वेळी पैसा उभा करणे मोडते. या साहाय्यामुळे गेल्या दोन दशकांत अनेक मराठी चित्रपट देश-विदेशांत पोहोचले. तथापि महोत्सवात गाजलेला चित्रपट चित्रपटगृहात टिकतोच असे नाही, आणि ही उणीव आजही पूर्णपणे दूर झालेली नाही.

स्वतंत्र चित्रपट : संकल्पना

मोठ्या निर्मितीसंस्थेच्या भांडवलावर व वितरणव्यवस्थेवर अवलंबून न राहता तयार झालेल्या चित्रपटास सामान्यतः ‘स्वतंत्र चित्रपट’ असे म्हणतात. अशा चित्रपटाचा खर्च दिग्दर्शक स्वतः, त्याचे मित्र, एखादा हौशी निर्माता, शासकीय अनुदान, विदेशी साहाय्यनिधी किंवा लोकवर्गणी यांतून भागविला जातो. विषयाची निवड, कलावंतांची निवड आणि कथनाची पद्धत यांबाबत दिग्दर्शकाला बरेच स्वातंत्र्य असते. त्याचबरोबर जाहिरातीसाठी पैसा नसणे, परिचित चेहरे नसणे आणि वितरक न मिळणे, या अडचणीही त्याच्या वाट्याला येतात.

व्यावसायिक चित्रपटाचे नाव प्रेक्षकांपर्यंत प्रदर्शनापूर्वीच जाहिरातींद्वारे पोहोचलेले असते. स्वतंत्र चित्रपटाला ते काम महोत्सवातील निवड, परीक्षकांचा निर्णय आणि वृत्तपत्रांतील परीक्षणे यांच्याकडून करून घ्यावे लागते. त्यामुळे अशा चित्रपटाच्या दृष्टीने महोत्सवातील पहिला खेळ हीच बहुधा त्याची पहिली जाहिरात ठरते.

पार्श्वभूमी

ज्येष्ठाने नवोदितास घडविण्याची परंपरा मराठी चित्रपटसृष्टीत प्रारंभापासून आढळते. कोल्हापूर येथे बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले आणि एस. फत्तेलाल यांनी चित्रपटकलेचे धडे घेतले. पुढे याच मंडळींनी सहकाऱ्यांसह १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीची स्थापना केली. १९३३ मध्ये ही कंपनी पुण्यास आली. दामले व फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ (१९३६) हा प्रभातचा चित्रपट १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरविला गेला. विदेशी महोत्सवातील गौरव आणि मराठी चित्रपट यांचे नाते असे फार जुने आहे.

प्रभातच्या वास्तूतच १९६० मध्ये केंद्र शासनाची चित्रपट-शिक्षणसंस्था सुरू झाली. तीच आजची भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था होय. १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. संग्रहालयाच्या जडणघडणीत पी. के. नायर यांचा वाटा मोठा होता. त्यांनी देशभरातून जुन्या चित्रपटांच्या प्रती जमविल्या आणि त्या विद्यार्थ्यांना व चित्रपट मंडळांना पाहावयास मिळतील अशी व्यवस्था केली. प्रा. सतीश बहादूर यांनी चित्रपट रसास्वादाच्या अध्यापनाचा पाया घातला. या दोन संस्थांच्या विद्यमाने चालणाऱ्या रसास्वाद वर्गांमधून चित्रपट पाहण्याची शिस्त लागलेले शिक्षक, पत्रकार, कार्यकर्ते आणि दिग्दर्शक तयार झाले.

चित्रपट मंडळांची चळवळ ही महोत्सवांची दुसरी पूर्वपीठिका होय. १९४७ मध्ये सत्यजित राय, चिदानंद दासगुप्त आदींनी कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली. १९५९ मध्ये देशभरातील अशा मंडळांचा महासंघ निर्माण झाला. मुंबईत १९६८ मध्ये सुरू झालेल्या प्रभात चित्र मंडळाने मराठी प्रेक्षकाला जागतिक चित्रपटाची ओळख करून दिली. सुधीर नांदगावकर यांनी या मंडळाचे व एकूण चळवळीचे काम दीर्घकाळ केले. व्ही. शांताराम यांचे पुत्र किरण शांताराम यांनीही मंडळास नेतृत्व दिले. ‘वास्तव रूपवाणी’ हे मंडळाचे नियतकालिक मराठीतील गंभीर चित्रपट-लेखनासाठी ओळखले जाते. पुण्यात आशय फिल्म क्लबने हेच कार्य केले.

मंडळांचे खेळ सभासदांपुरते मर्यादित असत. महोत्सवामुळे तेच चित्रपट नावनोंदणी करणाऱ्या कोणाही रसिकास खुले झाले आणि त्यांच्या जोडीने नव्या मराठी दिग्दर्शकांची कामेही दाखविली जाऊ लागली.

पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव

‘पिफ’ या लघुनामाने परिचित असलेला हा महोत्सव २००२ मध्ये सुरू झाला. पुणे फिल्म फाउंडेशन ही संस्था त्याचे आयोजन करते. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल हे महोत्सवाचे संस्थापक-संचालक असून नाटककार सतीश आळेकर, अभिनेते डॉ. मोहन आगाशे आणि चित्रपट-अध्यापक समर नखाते यांच्यासारख्या व्यक्ती या उपक्रमाशी निगडित राहिल्या आहेत. २०१० पासून या महोत्सवास महाराष्ट्र शासनाच्या अधिकृत चित्रपट महोत्सवाचा दर्जा आहे.

जब्बार पटेल यांचा स्वतःचा प्रवास या संदर्भात लक्षणीय आहे. व्यवसायाने बालरोगतज्ज्ञ असलेल्या पटेल यांनी थिएटर अकॅडमीच्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकाचे दिग्दर्शन करून नाव मिळविले होते. परंतु चित्रपटात ते नवखे होते. त्यांच्या ‘सामना’ या पहिल्या चित्रपटाची पटकथा विजय तेंडुलकर यांनी लिहिली आणि श्रीराम लागू व निळू फुले यांनी त्यात प्रमुख भूमिका केल्या. निर्मितीची जबाबदारी कवी रामदास फुटाणे यांनी उचलली. हा चित्रपट १९७५ च्या बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धा विभागात दाखविला गेला. त्यानंतरच्या ‘जैत रे जैत’ (१९७७) या चित्रपटाची निर्मिती गायिका उषा मंगेशकर यांनी केली. प्रस्थापितांनी एका नवख्या दिग्दर्शकावर टाकलेला विश्वास आणि विदेशी महोत्सवाने दिलेली संधी, या दोहोंचा लाभ ज्याने घेतला, त्याच दिग्दर्शकाने पुढे इतरांसाठी महोत्सव उभारला.

महोत्सवात जागतिक स्पर्धा, मराठी चित्रपटांची स्पर्धा, विद्यार्थ्यांच्या लघुपटांची स्पर्धा, सिंहावलोकन, श्रद्धांजली, भारतीय चित्रपट आणि जागतिक चित्रपट असे विभाग असतात. जागतिक स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट चित्रपटास ‘प्रभात’ या नावाचा, तर सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटास ‘संत तुकाराम’ या नावाचा पुरस्कार महाराष्ट्र शासनातर्फे दिला जातो. पुरस्कारांची ही नावे पुण्याच्या चित्रपटपरंपरेची आठवण जपतात. याशिवाय चित्रपटसृष्टीतील प्रदीर्घ योगदानाबद्दल ज्येष्ठ कलावंतांचा सन्मान केला जातो आणि संगीत व ध्वनी या क्षेत्रांतील कार्यासाठी एस. डी. बर्मन यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो. विजय तेंडुलकर स्मृती व्याख्यान हाही महोत्सवाचा एक परिचित उपक्रम आहे.

नवोदितांच्या दृष्टीने विद्यार्थी स्पर्धा आणि मराठी स्पर्धा हे दोन विभाग सर्वांत महत्त्वाचे आहेत. विद्यार्थी स्पर्धेत विविध देशांतील चित्रपट-शिक्षणसंस्थांचे लघुपट व सजीवपट येतात. त्यामुळे येथील विद्यार्थ्याला आपल्या वयाच्या विदेशी विद्यार्थ्याचे काम त्याच पडद्यावर पाहावयास मिळते. मराठी स्पर्धेत एखाद्या नवख्या दिग्दर्शकाचा चित्रपट नामवंताच्या चित्रपटाबरोबर, त्याच परीक्षक मंडळापुढे ठेवला जातो.

महोत्सवाचे कामकाज

महोत्सवात चित्रपट कसा निवडला जातो, हे समजून घेतल्याशिवाय नवोदितांना मिळणाऱ्या संधीचे स्वरूप स्पष्ट होत नाही. प्रथम महोत्सव प्रवेशिका मागवितो. दिग्दर्शक अथवा निर्माता आपला चित्रपट ठरावीक मुदतीत, बहुधा इंग्रजी उपशीर्षकांसह सादर करतो. निवड समिती हे चित्रपट पाहून स्पर्धा व इतर विभागांसाठी यादी तयार करते. स्पर्धेतील चित्रपट नंतर परीक्षक मंडळाकडे जातात. या मंडळात दिग्दर्शक, छायालेखक, समीक्षक व अभिनेते यांचा समावेश असतो; जागतिक स्पर्धेसाठी विदेशी परीक्षकही असतात.

अनेक महोत्सव आपल्याकडे दाखविला जाणारा चित्रपट त्या देशात किंवा त्या शहरात पूर्वी दाखविलेला नसावा, अशी अपेक्षा ठेवतात. म्हणून पहिला खेळ कोठे करावयाचा, हा निर्णय दिग्दर्शकाला जपून घ्यावा लागतो. प्रथम मोठ्या विदेशी महोत्सवाकडे चित्रपट पाठवावा आणि तेथील निकालानंतर देशातील महोत्सवांकडे वळावे, असा क्रम सामान्यतः दिसून येतो.

खेळ संपल्यानंतर दिग्दर्शकाशी होणारी प्रश्नोत्तरे हा महोत्सवाचा महत्त्वाचा भाग होय. चित्रपट कोठे लांबला, कोणता प्रसंग समजला नाही, कोठे प्रेक्षक अनपेक्षितपणे हसले, हे दिग्दर्शकाला प्रत्यक्ष कळते. याच ठिकाणी त्याची वितरक, निर्माते आणि अन्य महोत्सवांचे प्रतिनिधी यांच्याशी गाठ पडते. काही ठिकाणी महोत्सवाला जोडून चित्रपट-बाजार भरतो. गोव्यात भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या काळात २००७ पासून भरणारा ‘फिल्म बाजार’ हे त्याचे उदाहरण आहे. तेथे पटकथा आणि अपूर्ण चित्रपट यांच्यावरही जाणकारांचे मार्गदर्शन मिळते. महाराष्ट्र शासनही कान येथील चित्रपट-बाजारासाठी निवडक मराठी चित्रपट पाठविते.

मुंबईतील महोत्सव आणि २०१४ चा पेचप्रसंग

मुंबई अकॅडमी ऑफ मूव्हिंग इमेज (मामी) ही संस्था १९९७ मध्ये हृषिकेश मुखर्जी यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झाली. चित्रपटक्षेत्रातील व्यक्तींनीच चालविलेला स्वतंत्र महोत्सव, हे तिचे वैशिष्ट्य होते. पुढे श्याम बेनेगल यांनी संस्थेचे अध्यक्षपद भूषविले.

२०१४ मध्ये मुख्य प्रायोजकाचे पाठबळ थांबल्याने महोत्सव होणार की नाही, असा प्रश्न निर्माण झाला. शासकीय महोत्सवाला अंदाजपत्रकाचा आधार असतो. स्वतंत्र महोत्सवाला तो नसतो. आयोजकांनी लोकवर्गणीचे आवाहन केले. त्यास चित्रपटक्षेत्रातील नामवंतांनी, काही उद्योजकांनी आणि सामान्य रसिकांनी प्रतिसाद दिला. उद्योगपती आनंद महिंद्र आणि निर्माते मनीष मुंद्रा यांचे साहाय्य त्यात विशेष उल्लेखनीय ठरले. महोत्सव ऑक्टोबर महिन्यात पार पडला. त्यानंतर दिग्दर्शिका किरण राव यांनी संस्थेचे अध्यक्षपद स्वीकारले आणि समीक्षक अनुपमा चोप्रा महोत्सवाच्या संचालक झाल्या.

या वर्षीच्या महोत्सवात चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा पहिला चित्रपट स्पर्धेत होता आणि तो सर्वोत्कृष्ट ठरला. त्यापूर्वी त्याच वर्षी व्हेनिस येथे त्यास पहिल्या चित्रपटासाठीचा पुरस्कार आणि ‘ओरिझोंती’ विभागातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला होता. ‘कोर्ट’च्या पटकथेस रॉटरडॅम महोत्सवाच्या ह्यूबर्ट बाल्स निधीचे साहाय्य लाभले होते, तर निर्मिती विवेक गोम्बर यांनी केली आणि त्यात एका वकिलाची भूमिकाही केली. नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी लोकशाहीर नारायण कांबळे ही मध्यवर्ती भूमिका साकारली. पुढे या चित्रपटास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून त्याची निवड झाली. २०१४ चा महोत्सव रद्द झाला असता, तर या चित्रपटाला स्वतःच्या शहरातील प्रेक्षकांसमोर उभे राहण्याची ती संधी मिळाली नसती. महोत्सव वाचविणे म्हणजे प्रत्यक्षात काय वाचविणे असते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

मुंबईतच २००२ मध्ये किरण शांताराम व सुधीर नांदगावकर यांच्या पुढाकाराने थर्ड आय आशियाई चित्रपट महोत्सव सुरू झाला. माहितीपट, लघुपट व सजीवपट यांच्यासाठी १९९० पासून भरणारा मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव हा शासकीय असून माहितीपटक्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार तेथे डॉ. व्ही. शांताराम यांच्या नावाने दिला जातो.

पुणे-मुंबईबाहेरील महोत्सव

कोल्हापुरात कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटीच्या वतीने २०१२ पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरविला जातो. छत्रपती संभाजीनगर येथील अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची दहावी आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये झाली. ‘लगान’चे दिग्दर्शक आशुतोष गोवारीकर यांनी या महोत्सवाचे मानद अध्यक्षपद आणि सुनील सुकथनकर यांनी संचालकपद स्वीकारले. दहाव्या आवृत्तीत दिग्दर्शिका सई परांजपे यांना पद्मपाणी जीवनगौरव पुरस्कार देण्यात आला. समीक्षक अशोक राणे आणि दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी यांनीही या महोत्सवाच्या वाटचालीत काम केले आहे.

महाराष्ट्राबाहेरही अशी व्यासपीठे निर्माण होत आहेत. ‘देऊळ’ या चित्रपटाचे निर्माते अभिजित घोलप यांच्या पुढाकाराने उत्तर अमेरिकेतील मराठी चित्रपट महोत्सव २०२४ मध्ये सॅन होजे येथे भरला. त्यास अनेक मराठी कलावंत उपस्थित होते आणि तेथे स्थायिक झालेल्या मराठी भाषकांनी केलेले लघुपटही दाखविण्यात आले.

निर्माता आणि प्रस्तुतकर्ता म्हणून साहाय्य

प्रसिद्ध व्यक्तीचे नाव चित्रपटाला जोडले गेले, की वितरक व माध्यमे त्याची दखल घेतात. त्यामुळे निर्माता, कार्यकारी निर्माता किंवा प्रस्तुतकर्ता या नात्याने दिलेले साहाय्य अनेकदा निर्णायक ठरते. निर्माता चित्रपटासाठी भांडवल व व्यवस्था उभारतो. प्रस्तुतकर्ता बहुधा पूर्ण झालेल्या चित्रपटाला प्रदर्शनाच्या वेळी आपले नाव व पाठबळ देतो. कार्यकारी निर्मात्याचा सहभाग आर्थिक, सल्ल्याचा किंवा केवळ नावापुरताही असू शकतो.

उमेश कुलकर्णी यांचा ‘विहीर’ हा चित्रपट अमिताभ बच्चन यांच्या निर्मितीसंस्थेने निर्माण केला आणि तो २०१० च्या बर्लिन महोत्सवात दाखविला गेला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या चित्रपटाच्या निर्मितीत डॉ. मोहन आगाशे यांचा सहभाग होता. त्यास २०१६ सालासाठीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी आलेल्या ‘व्हेंटिलेटर’ची निर्मिती प्रियांका चोप्रा यांच्या संस्थेने केली आणि दिग्दर्शक राजेश मापुसकर यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार प्राप्त झाला.

मार्गदर्शन व निर्मिती यांचा संयोग चैतन्य ताम्हाणे यांच्या दुसऱ्या चित्रपटात आढळतो. एका आंतरराष्ट्रीय गुरु-शिष्य योजनेत मेक्सिकोचे दिग्दर्शक अल्फोन्सो क्वारोन यांनी त्यांची निवड केली. क्वारोन यांच्या ‘रोमा’ या चित्रपटाचे काम ताम्हाणे यांना जवळून पाहावयास मिळाले. पुढे ‘द डिसायपल’ या त्यांच्या मराठी चित्रपटाचे क्वारोन कार्यकारी निर्माते झाले. २०२० च्या व्हेनिस महोत्सवात या चित्रपटाने सर्वोत्कृष्ट पटकथेचा आणि समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा पुरस्कार मिळविला.

रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ हे अलीकडचे उदाहरण होय. चित्रपटाचे रीतसर शिक्षण न घेतलेल्या कानवडे यांच्या या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटाला जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचा सर्वोच्च परीक्षक पुरस्कार मिळाला. अभिनेते जिम सर्भ हे त्याच्या निर्मात्यांपैकी एक होते. सप्टेंबर २०२५ मध्ये भारतात प्रदर्शित होताना नागराज मंजुळे, सई ताम्हणकर, निखिल अडवाणी आणि विक्रमादित्य मोटवाने यांनी कार्यकारी निर्माते म्हणून आपली नावे त्यास जोडली, तर वितरणाची बाजू अभिनेते राणा दग्गुबाती यांच्या संस्थेने सांभाळली.

लोकवर्गणीतून मिळालेल्या साहाय्याचे सर्वांत ठळक मराठी उदाहरण संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ या पहिल्या चित्रपटाचे आहे. ‘श्यामची आई’नंतर प्रथमच एका मराठी चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २००४ मध्ये तो ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका ठरला. तेथील प्रसिद्धीचा खर्च निर्मात्यांच्या आवाक्याबाहेरचा होता. त्या वेळी चित्रपटसृष्टीतील व क्रीडाक्षेत्रातील नामवंतांपासून शाळेतील विद्यार्थ्यांपर्यंत अनेकांनी निधीस हातभार लावला.

साहाय्य घेणारे आणि देणारे

महोत्सव व पुरस्कार यांमुळे पुढे आलेले दिग्दर्शक काही वर्षांत स्वतःच नवोदितांचे आधार बनतात, असे अनेक उदाहरणांवरून दिसते. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथील नागराज मंजुळे यांनी अहमदनगर येथे जनसंज्ञापनाचे शिक्षण घेतले. त्यांच्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘फँड्री’ या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटाचा २०१३ च्या मुंबई महोत्सवात परीक्षकांच्या पुरस्काराने गौरव झाला आणि पदार्पणातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यास मिळाला. ‘सैराट’च्या (२०१६) असाधारण यशानंतर मंजुळे निर्मितीकडे वळले. त्यांची निर्मिती असलेला ‘नाळ’ (२०१८) हा छायालेखक सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा पहिला चित्रपट होता. त्यालाही पदार्पणातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ज्या पुरस्काराने मंजुळे यांना ओळख दिली, तोच पुरस्कार पाच वर्षांच्या अंतराने त्यांनी पाठबळ दिलेल्या दिग्दर्शकाला मिळाला.

उमेश कुलकर्णी यांचा मार्गही असाच आहे. पुण्याच्या चित्रपट संस्थेत शिकत असताना केलेल्या ‘गिरणी’ या लघुपटास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘वळू’, ‘विहीर’ आणि ‘देऊळ’ यांनी त्यांना देश-विदेशांत मान्यता दिली. नंतर त्यांच्या ‘अरभाट’ या संस्थेने पुण्यात लघुपट मंडळ चालविले. तेथे नव्या मंडळींचे लघुपट दाखवून त्यांवर चर्चा घडविली जाते. लघुपटाला तिकीटबारी नसते; त्यामुळे नियमित प्रेक्षक मिळवून देणे, हेच या क्षेत्रातील सर्वांत उपयुक्त साहाय्य ठरते.

पिंपरी-चिंचवड परिसर

पिंपरी-चिंचवड हे पुण्यास लागून असलेले औद्योगिक शहर होय. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना उभा राहिला. त्यानंतर भोसरी, आकुर्डी, चिंचवड आणि पुढे चाकण येथे उद्योगांचा विस्तार झाला. १९८२ मध्ये येथे महानगरपालिका स्थापन झाली. कारखान्यांमुळे मराठवाडा, विदर्भ, खानदेश, पश्चिम महाराष्ट्र आणि अन्य राज्यांतून आलेली कुटुंबे येथे स्थायिक झाली. स्थलांतर, कामगारवस्ती, गावाशी टिकून राहिलेले नाते असे स्वतंत्र चित्रपटाचे अनेक विषय या लोकवस्तीच्या रोजच्या अनुभवातील आहेत.

संत तुकाराम यांचे देहू हे गाव या शहराच्या सीमेलगत, इंद्रायणीकाठी आहे. त्यामुळे पुणे महोत्सवातील ‘संत तुकाराम’ पुरस्काराचे नाव या परिसराशी सहज जोडले जाते. पिंपरीतील संत तुकारामनगर येथील रंगमंदिरास ‘श्यामची आई’चे निर्माते-दिग्दर्शक आचार्य अत्रे यांचे नाव दिलेले आहे.

पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे खेळ काही वर्षी पिंपरी-चिंचवडमधील चित्रपटगृहांतही झाले आहेत. उपनगरातील विद्यार्थी व नोकरदार यांच्या दृष्टीने ही सोय महत्त्वाची ठरते. दिवसपाळी संपवून पुण्याच्या मध्यवस्तीत सायंकाळच्या खेळास पोहोचणे हे कारखान्यातील कामगाराला पूर्वी अवघड होते. मार्च २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडपासून मेट्रो सुरू झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती स्वारगेटपर्यंत पोहोचली. त्यामुळे पुण्यातील महोत्सव, संग्रहालय आणि लघुपटांचे खेळ या रहिवाशांच्या अधिक जवळ आले आहेत. तथापि प्रवासाची सोय झाल्याने शहरातील स्वतंत्र पडद्याची गरज संपत नाही. नियमित खेळ करणारे चित्रपट मंडळ जवळ असेल, तर नवोदित दिग्दर्शकाला पहिला प्रेक्षक आपल्याच वस्तीत मिळतो.

मर्यादा आणि आक्षेप

महोत्सव व ज्येष्ठांचे साहाय्य यांच्या काही मर्यादा आहेत. महोत्सवात एखाद्या चित्रपटाचे मोजकेच खेळ होतात. तेथील भरलेले सभागृह पाहून चित्रपटाला मोठा प्रेक्षक मिळेल असे वाटते. प्रत्यक्षात तो रसिकवर्ग मर्यादित असतो. चित्रपटगृहात प्रदर्शित झाल्यावर अशा चित्रपटाला थोडे पडदे आणि गैरसोयीच्या वेळा मिळतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत उत्पन्न झाले नाही, तर खेळ कमी केले जातात. पाहिलेल्या माणसाने दुसऱ्यास सांगावे आणि त्याने पुढील आठवड्यात जावे, असा जो संथ प्रसार अशा चित्रपटाला आवश्यक असतो, त्यासाठी पुरेसा अवधीच उरत नाही. एप्रिल २०१५ मध्ये राज्य शासनाने बहुपडदा चित्रपटगृहांत मोक्याच्या वेळी मराठी चित्रपट दाखविण्याची सक्ती जाहीर केली आणि वादानंतर त्या वेळेची मर्यादा दुपारी १२ ते रात्री ९ अशी शिथिल केली. असे उपाय मराठी भाषेतील सर्वच चित्रपटांना लागू होत असल्याने त्यांतील लहान, जाहिरातीविना आलेल्या चित्रपटाला वेगळे संरक्षण मिळत नाही.

दुसरी मर्यादा नावाच्या प्रभावाची आहे. प्रसिद्ध व्यक्तीने पाठराखण केलेल्या चित्रपटाकडे लक्ष जाते. तशी ओळख नसलेला तितकाच चांगला चित्रपट मागे राहू शकतो. पुणे-मुंबईपासून दूर असलेल्या दिग्दर्शकाला अशा ओळखी होण्याची संधी कमी असते. उपशीर्षके, प्रवेशशुल्क आणि प्रवास यांचा खर्चही त्याच्या दृष्टीने लहान नसतो.

तिसरी मर्यादा संस्थांच्या आर्थिक स्थितीची होय. प्रायोजक बदलला अथवा अनुदानास विलंब झाला, की महोत्सवाचे विभाग व दिवस कमी करावे लागतात. २०१४ मध्ये मुंबईत वर्गणीने महोत्सव तरला. परंतु वर्गणी हा दरवर्षीचा उपाय होऊ शकत नाही.

महत्त्व

मराठी चित्रपटाच्या अलीकडील इतिहासात ‘श्वास’, ‘फँड्री’, ‘कोर्ट’ आणि ‘साबर बोंडं’ यांसारखी अनेक महत्त्वाची कामे पदार्पणाची आहेत. त्यांपैकी प्रत्येकाच्या मागे दिग्दर्शकाच्या प्रतिभेबरोबरच एखादा महोत्सव, निधी, निर्माता किंवा ज्येष्ठ कलावंत उभा असल्याचे आढळते. वैयक्तिक साहाय्याने एक चित्रपट पूर्ण होतो. चित्रपट मंडळ, संग्रहालय, रसास्वाद वर्ग आणि महोत्सव यांच्या रूपाने उभे राहिलेले साहाय्य मात्र पुढील दिग्दर्शकांनाही उपलब्ध राहते. बाबूराव पेंटर यांच्या कार्यशाळेपासून आजच्या महोत्सवांपर्यंतचा हा वारसा प्रामुख्याने अशा संस्थांमुळे टिकला आहे. त्यांना नियमित प्रेक्षक मिळणे आणि महोत्सवातील चित्रपटांना चित्रपटगृहांत पुरेसा कालावधी मिळणे, या दोन गोष्टींवर नवोदित मराठी दिग्दर्शकांचे पुढील काम मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे.